शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना: अर्ज, अडवणूक आणि अपील

हरभऱ्याला घाटे लागले, मका दुधात आली की मराठवाड्यात आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची, जागल सुरू होते. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप तुरीचे शेंडे खुडत फडच्या फड लोळवून जातो. रानडुकरं भुईमूग मुळासकट उकरतात. फटाके, पत्र्याचे डबे, जुन्या साड्यांचं कुंपण, झटका मशीन हे सगळं करून होतं, आणि काही दिवसांनी जनावर त्यालाही सरावतं. मग कुणीतरी कुंपणात थेट लाइटीचा करंट सोडतो. सकाळी त्या तारेला डुक्कर चिकटलेलं सापडेल, शेजाऱ्याचा बैल सापडेल, नाहीतर माणूस सापडेल.

अशा शेतकऱ्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पहिल्यापासून एक सरळ वाट ठेवलेली आहे. कचेरीत ती कुणी आपण होऊन सांगत नाही. उलट ‘जिवाला धोका आहे का? एफआयआर आहे का?’ असं विचारून अर्जदाराला परत पाठवलं जातं. धोक्याचा प्रश्न पिस्तूल मागणाऱ्याला विचारायचा असतो. पीक राखणाऱ्याला तो लागूच होत नाही, आणि का होत नाही हे अर्जदाराला कलमासकट सांगता आलं पाहिजे.

कलम १३ नीट वाचा

परवाना अधिकाऱ्याने काय करायचं हे कलम १३(३) मध्ये दोन भागांत सांगितलं आहे. पहिला भाग (अ). भारतीय नागरिकाने रक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक मागितली, तर अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे. तिथे ‘देता येईल’ अशी भाषा नाही. त्याच उपकलमाच्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या पोटतरतुदीत, पुढे म्हटलं आहे की ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपल्याकडची एकनळी किंवा दुनळी बारा बोअर, मंजूर करू शकतो.

दुसरा भाग (ब). बाकी सगळी हत्यारं, म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल यात येतात. इथे अर्जदाराकडे योग्य कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. धोक्याची चौकशी, धंद्याचं स्वरूप, पैशाची ने-आण हे सगळं इथलं.

प्रत्यक्षात हे उलटं झालं आहे. ज्या हत्याराला कायद्याने कडक कसोटी लावली ते पिस्तूल पुढाऱ्याच्या शिफारशीवर कमरेला लागतं, आणि ज्याला कायद्याने हक्काच्या जवळपास नेऊन ठेवलं ती ठासणीची बंदूक शेतकऱ्याला मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. त्या हत्येत बंदूक वापरली गेली नव्हती, मारहाण करून त्यांचा जीव घेतला गेला. पण त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांवर सगळ्या महाराष्ट्राची नजर गेली. हजाराहून जास्त परवाने असल्याचं समोर आलं आणि प्रशासनाने छाननी करून त्यातले बरेच रद्द केले. कायदा ढिला होता म्हणून हे परवाने वाटले गेले असं म्हणता येत नाही. कायद्याने कलेक्टर-एसपींच्या मर्जीला जी मोकळीक दिली आहे ती कुणाच्या बाजूने वापरली जाते हे त्यातून दिसलं. अशा वेळी ‘परवाने आणखी अवघड करा’ अशी मागणी होते. त्याने ओळखी असलेल्यांचं काहीच अडत नाही. अडतो तो तालुक्याच्या गावाहून बसने कचेरीत येणारा.

ही मोकळीक कलम १४ मध्ये आहे. अर्जदार ‘कोणत्याही कारणाने’ अयोग्य आहे असं मानायला आधार असेल, किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटलं, तर परवाना नाकारता येतो. इतक्या रुंद शब्दांत काहीही बसतं. तरी त्याच कलमात अर्जदाराच्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. आणि नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात व मागितल्यास त्यांचा थोडक्यात गोषवारा द्यावा लागतो. सार्वजनिक हिताला बाधा येईल असं वाटलं तरच तो रोखता येतो. इन्कम टॅक्सचे रिटर्न मागितले, ‘दोन एकरवाल्याला बंदूक कशाला’ असं कुणी म्हणालं, तर कलम १४(२) दाखवायचं.

अर्जाच्या आधी कागद जमवा

अर्जाची खरी तयारी एका हंगामाआधी सुरू होते, कारण ‘खरंखुरं पीकसंरक्षण’ हे शब्द कागदाने सिद्ध करावे लागतात. जनावराने नुकसान केलं की तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे भरपाईचा अर्ज टाका. भरपाई थोडी मिळते, उशिरा मिळते, म्हणून बरेचजण अर्जच करत नाहीत, आणि तिथेच परवान्याचं प्रकरण कच्चं राहतं. भरपाईच्या रकमेपेक्षा पंचनाम्याची प्रत मोलाची आहे. त्यात जनावराचं नाव, गट क्रमांक, पीक आणि बाधित क्षेत्र सरकारी सहीने येतं. लागोपाठच्या दोन हंगामांचे तीन-चार पंचनामे जोडले की ‘नुकसान किरकोळ आहे’ असा शेरा मारणं अवघड जातं.

पंचनाम्यातलं पीक आणि सातबाऱ्यावरचं पीक जुळलं पाहिजे. ई-पीक पाहणीत सोयाबीन नोंदवलेलं आणि पंचनामा तुरीचा, असं झालं तर तलाठ्याच्या अहवालातच प्रकरण पडतं. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकं नोंदवा. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज वडिलांच्या नावाने करा, किंवा वाटणीपत्र अथवा वहिवाटीचा पुरावा जोडा. दुसऱ्याच्या जमिनीच्या रक्षणासाठी अर्ज असं दिसलं की फाइल परत येते.

सोबत सातबारा, ८-अ, आधार, जन्मतारखेचा आणि रहिवासाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, शरीराने व मनाने सक्षम असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. हमीपत्रासोबत भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्कं केलेल्या लोखंडी कपाटाचा फोटो जोडा. नुसत्या गोदरेजच्या कपाटाचा फोटो पाहून चौकशीला आलेला जमादार ‘सुरक्षित जागा नाही’ असं लिहून मोकळा होतो. वय २१ पूर्ण हवं.

ग्रामसभेचा ठराव कायद्याने लागत नाही, पण जोडावा. ठरावात अर्जदाराची शिफारस नको. गावशिवारात रानडुक्कर व रोही यांचा उपद्रव आहे, अमुक गटांमध्ये नुकसान झालं आहे, एवढंच असावं. शिफारस लिहिली की ती राजकीय वाटते आणि विरोधी गटाचा तक्रारी अर्ज लगेच मागून येतो.

अभयारण्य जवळ आहे का ते आधी मोजा

ही पायरी सुटली म्हणून कित्येक अर्ज वर्षभर पडून राहतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. जुना परवाना असलेल्यालाही तिथे वन विभागाकडे नोंदणी करावी लागते. बीडमध्ये पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य, धाराशिवचं येडशी रामलिंग घाट, कन्नडकडचं गौताळा औट्रमघाट, जायकवाडीचं पक्षी अभयारण्य, नांदेडच्या उत्तरेला पैनगंगा, यांच्या आसपासच्या गावांनी आधी वन परिक्षेत्र कार्यालयातून अंतराचा दाखला घ्यावा. अंतर १० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर दाखला अर्जाला जोडा, म्हणजे कलेक्टर कचेरी वन विभागाला पत्र पाठवून वाट पाहत बसणार नाही. आत असेल तर संमतीचा प्रस्ताव अर्जासोबतच पाठवण्याची लेखी विनंती करा.

एक विसंगती इथे सांगायलाच हवी. जनावरांचा त्रास सर्वांत जास्त असतो तो अभयारण्याला लागून असलेल्या गावांना, आणि परवाना सर्वांत अवघड तोही त्यांनाच. संरक्षित जंगलाजवळ बंदुका वाढू नयेत हा हेतू योग्य आहे. पण संमती किती दिवसांत द्यायची किंवा नाकारायची याचं बंधन त्या कलमात नाही, आणि मुदत नसलेली संमती गावकऱ्यासाठी नकारासारखीच असते.

अर्जात काय लिहायचं

अर्ज गृह मंत्रालयाच्या ‘अलिस’ पोर्टलवर नमुना अ-१ मध्ये भरायचा, त्याची प्रत सह्या करून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना टेबलावर द्यायची आणि पोच घ्यायची. छत्रपती संभाजीनगर शहराच्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. ग्रामीण भाग आणि बाकीचे सात जिल्हे यांचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे.

कारणाच्या रकान्यात ‘स्वसंरक्षण व शेती संरक्षणासाठी’ असं एकत्र कधीच लिहू नका. सर्वांत जास्त अर्ज याच एका ओळीमुळे फसतात. ‘स्वसंरक्षण’ शब्द दिसला की पोलीस ठाण्यातून ‘जिवाला धोका असल्याचे निष्पन्न होत नाही’ असा ठरलेला अहवाल येतो आणि त्याच आधारावर अख्खा अर्ज फेटाळला जातो. मजकूर असा ठेवा:

‘मौजे ——, ता. —— येथील माझ्या मालकीच्या गट क्र. —— मधील २ हेक्टर ४० आर क्षेत्रात तूर व हरभरा ही पिके आहेत. या क्षेत्रात रानडुक्कर व रोही यांनी दि. ——, दि. —— व दि. —— रोजी नुकसान केले असून वन विभागाच्या पंचनाम्यांच्या प्रती जोडल्या आहेत. झटका कुंपण व रात्रीची राखण करूनही नुकसान थांबलेले नाही. सबब शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३(३)(अ)(एक) नुसार केवळ पीक संरक्षणासाठी ठासणीच्या एका बंदुकीचा परवाना मिळावा. स्वसंरक्षणासाठी हा अर्ज नाही.’

शेवटचं वाक्य ठेवाच. बारा बोअर हवी असेल तर ठासणीची का पुरत नाही हे वेगळ्या परिच्छेदात लिहा: जनावरं कळपाने येतात, एक बार झाल्यावर पुन्हा ठासायला वेळ जातो, पावसाळ्यात दारू आणि ठिणगी पाडणारी टोपी सर्द होते. ‘चांगली बंदूक हवी’ हे कारण परंतुकात बसत नाही.

पोलीस अहवाल: फाइल कुठे अडते

फाइल कलेक्टर कचेरीतून एसपी कार्यालयात, तिथून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यामार्फत ठाण्यात जाते आणि त्याच वाटेने परत येते. तहसीलदार आणि प्रांताचा अहवाल वेगळा मागवला जातो. शस्त्र नियम, २०१६ नुसार पोलीस अहवाल ३० दिवसांत यायला हवा आणि तो आल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात फाइल ठाण्याच्या बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) नोंदवलेली असते आणि बीट जमादाराची बदली झालेली असते.

यावर उपाय कलम १३(२अ) च्या परंतुकात आहे. ठरलेल्या मुदतीत अहवाल आला नाही, तर परवाना अधिकारी त्याची वाट न पाहता आदेश देऊ शकतो. एकतिसाव्या दिवशी याच कलमाचा उल्लेख करून जिल्हाधिकाऱ्यांना स्मरणपत्र द्या, पोच घ्या. त्याच आठवड्यात १० रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका: फाइल कोणत्या तारखेला कोणाकडे गेली, सध्या कोणाकडे आहे, अहवाल आला असल्यास त्याची प्रत. माहितीचा अर्ज गेला की फाइल बहुधा हलते, आणि नाहीच हलली तर पुढे कोर्टात दाखवायला तारखा हातात असतात.

चौकशीत चॅप्टर केसचा विषय हमखास निघतो. बांधाच्या भांडणात दोन्हीकडच्या लोकांवर प्रतिबंधक कारवाई झालेली असते आणि अहवालात ‘अर्जदारावर चॅप्टर केस आहे’ अशी ओळ येते. कलम ९ काय म्हणतं ते बघा. शांतता किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र देण्याचा आदेश झाला असेल, तर त्या बंधपत्राच्या मुदतीत शस्त्र बाळगायला बंदी आहे. नुसती नोटीस निघाली, किंवा मुदत संपून गेली, तर ही बंदी उरत नाही. हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यापासून पाच वर्षं बंदी राहते. अशी एखादी केस असेल तर ती लपवू नका. माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली त्याच कारणावर रद्द होतो. केस क्रमांक, काय निकाल लागला, कधी लागला, हे स्वतःच लिहून निकालाची प्रत जोडा.

नकार आला तर

नकाराचं पत्र मिळालं की पाकिटावरची तारीख सांभाळून ठेवा, अपिलाचे ३० दिवस आदेश मिळाल्यापासून मोजतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर कलम १८ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील होतं, म्हणजे मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला. पत्रात कारणं नसतील तर आधी कलम १४(३) खाली कारणांची मागणी करा आणि त्या मागणीची पोच अपिलाला जोडा.

नकाराची कारणं चार-पाच ठरलेली असतात आणि प्रत्येकाला उत्तर आहे. ‘जिवाला धोका नाही’ असं असेल तर अर्ज कलम १३(३)(अ) खालचा होता, धोक्याची कसोटी लावून आदेश काढणं हीच चूक. ‘मालमत्ता पुरेशी नाही’ असेल तर कलम १४(२). ‘परिसरात शांतता भंग होऊ शकते’ असं असेल तर कोणत्या घटनेवरून, कोणत्या तारखेच्या, अर्जदाराचा तिच्याशी काय संबंध, हे आदेशात आहे का विचारा. नसेल तर ते कारण न देण्यासारखंच आहे. ‘वन विभाग भरपाई देतो’ हे कारणही दिलं जातं. भरपाई मिळते म्हणून पीक राखण्याचा परवाना नाकारता येतो असं कायद्यात कुठेही नाही. अर्जाला महिनोन्महिने उत्तरच नसेल, तर निर्णय घ्या एवढाच आदेश मागण्यासाठी औरंगाबाद खंडपीठात रिट करता येते. त्यात तुमच्या पोचपावत्या आणि माहिती अधिकारातल्या तारखा हाच मुख्य पुरावा.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे

ही गोष्ट न कळल्याने लोक तुरुंगात गेले आहेत. बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याचा, जनावर मारण्याची परवानगी वन्यजीव कायद्याची. दुसरी हातात नसेल तर बंदूक फक्त आवाजासाठी. रोही आणि रानडुक्कर उभ्या पिकाचं नुकसान करत असतील तर कलम ११(१)(ब) खाली वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. त्यासाठी वन परिक्षेत्र कार्यालयात गट क्रमांकासह अर्ज करायचा. मारलेलं जनावर सरकारचं असतं. त्याला हात न लावता वनरक्षकाला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा. मटण वाटलं की संरक्षण संपलं, गुन्हा सुरू झाला. काळवीट, चिंकारा, मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकाच्या नुकसानीपायी त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही, बाराचा नेम चुकून लागला तरी प्रकरण गंभीर होतं. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर कलम ११(२) खाली तो गुन्हा नाही, पण ताबडतोब कळवायला हवं.

माणसाच्या बाबतीत तर आणखी सांभाळावं. रात्री कापूस किंवा सोयाबीनची चोरी होताना दिसली म्हणून गोळी झाडता येत नाही. भारतीय न्याय संहितेत मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्यापर्यंतचा हक्क जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराची किंवा माल ठेवायच्या जागेची जाळपोळ, किंवा जिवाची अथवा गंभीर दुखापतीची भीती असलेली चोरी, नासधूस वा घरात घुसणं एवढ्यापुरताच आहे.

बंदूक सालगड्याच्या हाती देऊन आपण घरी झोपायचं नाही. परवान्यावर ज्याचं नाव नाही त्याने एकट्याने ती बाळगली तर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. लग्नात, वरातीत, निकालाच्या दिवशी हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही दुरुस्ती योग्यच होती, तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही.

ठासणीची बंदूक भरलेली ठेवून झोपू नये. घोडा पडला आणि बार उडाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला तशीच धरून किमान मिनिटभर थांबावं. दारू सर्द असेल तर ठिणगी आत धुमसत राहते, आणि नळीत वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर बार उडतो. त्यानंतर टोपी काढून घ्यावी आणि मगच पुढचं काही करावं. बारीक छऱ्याने रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर उसात दबा धरून राहतं. सकाळी पाणी द्यायला जाणाऱ्यावर ते येतं.

एअर रायफलबद्दलही विचारणा होते. ०.१७७ इंच बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची असेल तर परवाना लागत नाही, दुकानात ओळखपत्र द्यावं लागतं. पण तिचाही छर्रा वन्यप्राण्यावर झाडला तर वन्यजीव कायदा लागतोच.

निवडणूक, नूतनीकरण, वारस

आचारसंहिता लागली की ठाण्यातून सरसकट शस्त्र जमा करण्याचे निरोप येतात. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्ह्यात छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, विशेषतः निवडणुकीत दंगलीत सापडलेले, अशांची शस्त्रं तपासून जमा करायची असतात. रब्बीच्या ऐन हंगामात निवडणूक आली तर समितीकडे पीकसंरक्षणाचं कारण देऊन सूट मागा. तोंडी निरोपावर नको, लेखी आदेशावर जमा करा, आणि पावतीवर बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या आणि लाकडावरच्या ओरखड्यांची नोंद करून घ्या. निकालानंतर आठवडा झाला की परत मागा. ठाण्याच्या मालखान्यात राहिलेल्या बंदुकीच्या नळीला गंज चढतो आणि त्याला कुणी जबाबदार राहत नाही.

परवान्याची मुदत आता पाच वर्षं. संपण्याच्या किमान ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. परवानाधारक वारला, सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, तर ते वारसाच्या नावे करता येतं. आजोबांची बंदूक घरात तशीच ठेवून देणं हा गुन्हा आहे, परवाना मिळेपर्यंत ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा. २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. त्या बदलाने गुन्हेगारांकडचा एक गावठी कट्टा कमी झाला नाही, कारण कट्टा कोणत्याच नोंदवहीत नसतो.

कोयता आणि कृपाण

ऊसतोडीला जाणाऱ्या बीड-धाराशिवच्या टोळ्यांच्या गाड्या तपासताना कोयते जप्त झाल्याच्या तक्रारी असतात. शस्त्राच्या व्याख्येतूनच, म्हणजे कलम २ मधून, केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. धारदार शस्त्राला परवाना लागतो तोही कलम ४ खाली अधिसूचित भागातच. मुकादमाने कारखान्याच्या कराराची प्रत आणि टोळीतल्या मजुरांची यादी गाडीत ठेवावी, कोयते एकत्र पोत्यात बांधून ठेवावेत. नांदेडच्या शीख बांधवांच्या कृपाणाला तर संविधानाच्या अनुच्छेद २५ चंच संरक्षण आहे.

कायद्यात बदल मागायचा तर कुठे

१८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांनी सत्तावनच्या उठावानंतर देश निःशस्त्र ठेवण्यासाठी केला. युरोपियनांना त्यातून सूट होती. गांधीजींनी त्याची गणना इंग्रज राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो संविधानात आणण्याची सूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा विरोध सोडून देता येण्यासारखा नाही. बंदूक गावातल्या बळकटाच्या हाती गेली तर दुबळ्याचं काय होतं हे मराठवाड्याने नामांतराच्या काळात पाहिलं आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियम ३ मध्ये यावर नेमकी तरतूद आहे: अत्याचारप्रवण भागात बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रं जमा करायची, आणि गरज असेल तिथे दलित-आदिवासींना संरक्षणासाठी परवाने द्यायचे. आपल्या गावात हा नियम लागू होत असेल तर अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. हा आधार पीकसंरक्षणापेक्षा वेगळा आहे, म्हणून अर्जही वेगळा करा.

परवाना पद्धत असावी, चौकशी असावी, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मर्जीबद्दल. शस्त्र हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, त्यामुळे कलम १४ मधले ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द काढून अपात्रतेची बंद यादी द्या, आणि मुदतीत निर्णय न झाल्यास पीकसंरक्षणाचा परवाना मंजूर समजा, या दोन मागण्या खासदारामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जायला हव्यात. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ मध्ये संमतीला मुदत घालण्याची मागणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे. राज्य सरकारकडून मागायचं ते परिपत्रक: कलम १३(३)(अ) खालचे अर्ज धोक्याच्या कसोटीवर तपासू नयेत, त्यांची नोंदवही वेगळी ठेवावी, आणि दर तिमाहीला किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती कोणत्या कारणावरून नाकारले, हे पिस्तुलांच्या आकड्यांशेजारी कलेक्टर कचेरीच्या फलकावर लावावं. ग्रामसभेचा ठराव या चार मुद्द्यांवर घ्या, प्रत्येक मागणी ज्या कार्यालयाची त्यालाच रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि पोचपावत्या ग्रामपंचायतीच्या आवक-जावक रजिस्टरला चिकटवून ठेवा.